मापात पाप : रिओ ते सिंगापूर

बाजारातल्या लबाडीला आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे : मापात पाप. तराजूच्या पारड्याखाली लावलेले मेण किंवा दुधात घातलेले पाणी पकडता येते, कारण ते वस्तूत असते. पण मनात असलेले पाप कोणत्या काट्यावर तोलायचे? मोटार शर्यतींच्या इतिहासात या प्रश्नाची दोन ठळक उदाहरणे आहेत : १९८२ ची रिओची शर्यत आणि २००८ ची सिंगापूरची. दोन्हींत सव्वीस वर्षांचे अंतर असले, तरी पिके, रोझबर्ग, रेनो, विल्यम्स, एक्लस्टन आणि मोझली ही नावे दोन्हीकडे भेटतात. म्हणून ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असे मला वाटते.

पाण्याची टाकी

१९८२ साली फॉर्म्युला वनमध्ये दोन प्रकारची इंजिने धावत होती. रेनो आणि फेरारी यांच्याकडे दीड लिटरची टर्बो इंजिने होती, तर ब्रॅबम, विल्यम्स अशा बहुतेक ब्रिटिश संघांकडे तीन लिटरचे साधे कॉसवर्थ इंजिन. टर्बोची ताकद जास्त, पण त्याच्या गाड्याही जड. कॉसवर्थवाल्यांना बरोबरी साधायची तर गाडी हलकी करणे हाच मार्ग होता. त्या वाटेत नियम आडवा येत होता : गाडीचे वजन किमान ५८० किलो भरले पाहिजे.

याच नियमपुस्तकात एक फट होती. शर्यतीनंतर वजन करण्यापूर्वी गाडीतले तेल आणि थंडाव्याचे द्रव नेहमीच्या पातळीपर्यंत भरून घेण्याची मुभा होती. संघांनी ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ म्हणून गाडीत पाण्याची मोठी टाकी बसवली. शर्यत सुरू झाली की पहिल्या काही फेऱ्यांतच ते पाणी बाहेर पडून जाई. उरलेली शर्यत गाडी ठरलेल्या वजनापेक्षा हलकी धावे. शर्यत संपली की टाकी पुन्हा भरायची आणि मग काट्यावर चढवायची. काटा खरे बोले, कागद खरा बोले, फक्त धावलेली गाडी वेगळी असे.

२१ मार्च १९८२ रोजी रिओच्या जाकारेपाग्वा मार्गावर ब्राझीलच्या नेल्सन पिकेने ब्रॅबममधून शर्यत जिंकली. उष्म्याने आणि थकव्याने तो सन्मानमंचावरच कोसळला. दुसरा आला विल्यम्सचा केके रोझबर्ग. रेनो आणि फेरारी यांनी तक्रार केली. शर्यतीच्या पंचांनी ती फेटाळली, पण एप्रिलमध्ये अपिलात निकाल फिरला. पिके आणि रोझबर्ग दोघेही बाद झाले आणि विजय रेनोच्या अ‍ॅलन प्रॉस्टला मिळाला.

ब्रॅबमचे मालक बर्नी एक्लस्टन होते. ब्रिटिश संघांच्या संघटनेचे, म्हणजे फोकाचे, नेतृत्वही त्यांच्याकडे होते आणि संघटनेचे कायदेविषयक काम मॅक्स मोझली पाहत. निकालाच्या निषेधार्थ फोकाच्या बहुतेक संघांनी पुढच्या सान मारिनोच्या शर्यतीवर बहिष्कार घातला. तिथे अवघ्या चौदा गाड्या धावल्या. बहिष्कार घालणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. नियमातल्या अक्षरांना त्यांनी धक्का लावला नव्हता. पण ज्या हेतूने किमान वजन ठरवले होते, तो हेतू त्यांनी पाण्याबरोबर वाहून जाऊ दिला होता. अपिलाच्या निकालाने अक्षरापेक्षा हेतू मोठा मानला.

टायरेलला झालेली शिक्षा

पाण्याची गोष्ट इथे संपली नाही. १९८४ पर्यंत जवळजवळ सगळे संघ टर्बोकडे वळले होते आणि केन टायरेल यांचा संघ जुन्या कॉसवर्थवर टिकून होता. त्यांची गाडी बहुतेक शर्यत हलकी धावे आणि अखेरच्या टप्प्यात पिटमध्ये येऊन इंजिनात फवारायच्या पाण्याची टाकी भरून घेई. त्या पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्याही टाकीत जात. वजन पुरे!

डेट्रॉइटला मार्टिन ब्रंडल दुसरा आला, तेव्हा तपासणीत हे प्रकरण उघड झाले. शिक्षा जबर होती. टायरेलचे त्या मोसमातले सर्व निकाल पुसले गेले. त्यात मोनॅकोच्या पावसात स्टेफान बेलोफने मिळवलेला तिसरा क्रमांकही गेला. मोसमाच्या शेवटच्या शर्यतींत संघाला उतरताही आले नाही.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या वर्षी इंधनाची मर्यादा २२० लिटर होती आणि पुढच्या वर्षी ती १९५ वर यायची होती. टर्बोवाल्यांना ही कपात नको होती, पण बदलासाठी सर्व संघांचे एकमत लागे आणि टायरेल तयार नव्हते. टायरेल बाहेर पडताच एकमत झाले. टायरेल निर्दोष होते असे यावरून सिद्ध होत नाही, शिशाच्या गोळ्या खऱ्याच होत्या. पण दुबळ्याच्या चुकीचे माप नेहमी काटेकोर घेतले जाते, ही बाजारातली जुनी रीत इथेही दिसते.

सतरावे वळण

आता सिंगापूर. २८ सप्टेंबर २००८, फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. रेनोचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या क्रमांकावरून सुटला. अरुंद शहरी रस्त्यावर तिथून पुढे येणे जवळपास अशक्य. बाराव्या फेरीतच त्याला इंधनासाठी आत बोलावले गेले. सगळ्यांना ते चमत्कारिक वाटले. लगेचच, चौदाव्या फेरीत, रेनोचीच दुसरी गाडी सतराव्या वळणावर भिंतीवर आदळली. ती चालवत होता नेल्सन पिके धाकटा, रिओच्या त्या विजेत्याचा मुलगा.

सेफ्टी कार बाहेर आली. तेव्हाच्या नियमानुसार ती येताच पिटचा रस्ता बंद होई. इतरांना थांबून इंधन घ्यावे लागले. अलोन्सोचे काम आधीच झाले होते. तो जिंकला. दुसरा आला विल्यम्सचा निको रोझबर्ग, केकेचा मुलगा. तिसरा लुईस हॅमिल्टन. आघाडीवर असलेल्या फेरारीच्या फेलिपे मासाला मात्र पिटमध्ये चुकीचा हिरवा दिवा मिळाला. इंधनाची नळी अडकलेलीच असताना त्याने गाडी सोडली आणि शेवटी तो तेरावा आला.

पुढच्या वर्षी धाकट्या पिकेला मोसमाच्या मध्यावर संघातून काढले आणि त्याने एफआयएपुढे जबानी दिली. आपण ठरवून आदळलो, जागाही दाखवून दिली होती. तिथे क्रेन नव्हती, म्हणजे सेफ्टी कार येणारच. करार पुढे चालू राहील की नाही या चिंतेत आपण होकार दिला, असे त्याचे म्हणणे. तपासात गाडीच्या टेलिमेट्रीने साथ दिली : चाके घसरत असतानाही चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हटला नव्हता. घसरणारा चालक सहसा असे करत नाही.

२१ सप्टेंबर २००९ रोजी निकाल लागला. रेनोने आरोप नाकारले नाहीत. संघाला झालेली बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली. संघप्रमुख फ्लाविओ ब्रियातोरे यांना अनिश्चित काळासाठी आणि अभियंता पॅट सिमंड्स यांना पाच वर्षांसाठी बाहेर काढले गेले. ब्रियातोरे यांनी आपला सहभाग कायम नाकारला. अलोन्सोचा दोष आढळला नाही. कबुली देणाऱ्या पिकेला अभय होते. पॅरिसच्या न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये दोघांवरच्या बंद्या रद्द ठरवल्या आणि पुढे तडजोड झाली. हा निकाल देणाऱ्या एफआयएचे अध्यक्ष होते मॅक्स मोझली, एकेकाळी पाण्याच्या टाकीवाल्यांच्या बाजूने उभे असलेले.

न बदललेला निकाल

रिओचा निकाल महिन्याभरात बदलला. सिंगापूरचा आजही तोच आहे. पाणी घालण्यापेक्षा मुद्दाम गाडी आपटणे हे निश्चितच गंभीर. भिंतीपलीकडे प्रेक्षक असतात, मार्शल असतात. मोन्झा येथे २००० साली आणि मेलबर्नला २००१ साली उडालेल्या चाकांनी एकेका मार्शलचा जीव घेतला होता. म्हणजे रेनोच्या गाडीची धडक ही केवळ गुणांची चोरी नव्हती. मग निकाल का टिकला? मोसमाचा बक्षीस समारंभ झाला की निकाल अंतिम, असा नियम होता आणि कबुली आली त्यानंतर.

या नियमाचा अर्थ समजायला थोडे अंकगणित करावे लागते. त्या वर्षी हॅमिल्टन ९८ गुणांनी विजेता ठरला, मासा ९७ वर राहिला. सिंगापूरची शर्यतच रद्द केली, तर हॅमिल्टनचे तिसऱ्या क्रमांकाचे सहा गुण जातात. तो ९२ वर येतो, मासा ९७ वर राहतो आणि विजेता होतो. पण शर्यत कायम ठेवून फक्त अलोन्सोला बाद केले, तर हॅमिल्टन दुसरा येतो, त्याला आठ गुण मिळतात आणि तो १०० वर जातो. एकाच लबाडीवर दोन वाजवी उपाय, आणि त्यांतून दोन वेगळे जगज्जेते! शिवाय हॅमिल्टनने कोणालाही फसवले नव्हते आणि मासाची नळी रेनोने अडकवली नव्हती.

२०२३ मध्ये एक्लस्टन यांची एक मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत, आपल्याला आणि मोझलींना हे २००८ मध्येच कळले होते, असे सांगितले होते. नंतर मात्र तसे बोलल्याचे आठवत नाही, असे एक्लस्टन म्हणाले. त्या मुलाखतीच्या आधारावर मासाने २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. माझ्या मते या दाव्याचा गाभा करंडक हा नाही. निकाल बदलण्याची मुदत शिल्लक असताना पंचांना ठाऊक होते का, हा आहे. ठाऊक असेल, तर रेनोच्या मापातल्या पापापेक्षा काटा धरणाऱ्याचे मौन मोठे ठरते.

या प्रकरणात एक साक्षीदार असाही आहे, ज्याचे नाव निकालपत्रात दिलेले नाही. तो रेनोचाच माणूस. कट त्याच्या कानावर आला होता आणि त्याला तो पटला नव्हता. शर्यत मात्र ठरल्याप्रमाणेच झाली. पाण्याची टाकी बसवायला दहा-वीस हात लागतात. सिंगापूरचा बेत मोजक्या माणसांच्या बोलण्यात बसला. म्हणूनच यंत्र तपासणाऱ्या निरीक्षकांना तो सापडणे शक्य नव्हते. तो थांबवू शकत होता फक्त ‘नाही’ म्हणणारा माणूस.

आज नोंदवहीत रिओ १९८२ समोर प्रॉस्टचे नाव आहे, सिंगापूर २००८ समोर अलोन्सोचे. बापाचा विजय पाण्याने पुसला, मुलाच्या अपघाताने दुसऱ्याला दिलेला विजय कायम राहिला. ब्रियातोरे २०२४ मध्ये रेनोच्याच अल्पीन संघात सल्लागार म्हणून परतले. निको रोझबर्गला पहिल्या विजयासाठी २०१२ च्या चीनच्या शर्यतीपर्यंत थांबावे लागले. शर्यतीचे नियम दरवर्षी जाड होत गेले, इंधन, वजन, टायर सगळे ग्रॅम-मिलिमीटरमध्ये मोजले जाऊ लागले. ही मोजणी आवश्यकच आहे. पण पारड्याखालचे मेण शोधणाऱ्याने अधूनमधून काटा धरणाऱ्या हाताकडेही पाहावे, एवढे ही दोन प्रकरणे सांगतात.