गोरव्यातली मारुती व्हॅन आणि अण्णांची पट्टी

१९८४ साली मारुतीची व्हॅन बाजारात आली, पुढे तिचंच नाव ओम्नी झालं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली. आमच्या घरातली पहिली चारचाकी तीच.

१९९६ च्या मे महिन्यात चांदोदहून परतताना डभोईच्या पुढे सीटखालून वाफ यायला लागली. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता आणि गप्पांच्या नादात माझं काट्याकडे लक्षच नव्हतं. फडकं बांधून, पाणी ओतत तशीच घरी आणली. ही माझी घोडचूक.

गोरव्याच्या बीआयडीसीतल्या गॅरेजवाल्याने कांडी काढून पाहिली, तर ऑइल दुधाळ! "साहेब, हेड उतारवुं पडशे." हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जे पॅकिंग असतं, ते हेड गॅस्केट. ते जळलं की पाणी ऑइलमध्ये शिरतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ही संस्था. फाळके तिथलेच विद्यार्थी. अण्णा म्हणाले, "हेड ॲल्युमिनियमचं आहे, तापून वाकलं असेल. आधी तपासून घे." मी खर्चाचा हिशेब करत होतो. पटकन बोलून गेलो, "अण्णा, तुमचा काळ गेला आता." ते गप्प बसले. मी नुसतं गॅस्केट बदलून घेतलं.

तीन आठवड्यांत पाणी पुन्हा कमी व्हायला लागलं. या वेळी अण्णा स्वतः गॅरेजात आले, आपली पोलादी पट्टी घेऊन. उतरवलेल्या हेडवर पट्टी आडवी धरली, तर खालून उजेड दिसला. गॅरेजवाल्या पोराने फिलर गेज घालून पाहिलं आणि मान डोलावली. फट मिलिमीटरच्या शतांशांतली, पण नवं गॅस्केट जाळायला तेवढी पुरली. मग हेडचं फेसिंग झालं, पाइप नवा बसवला. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने आवळले. अण्णा शेजारी स्टुलावर बसून होते. मला एक शब्द बोलले नाहीत.

व्हॅन २००९ पर्यंत चालली. अण्णा १९९९ मध्येच गेले. आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब तपासले, पण त्या एका वाक्याची माफी मागायची राहूनच गेली. पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.

तुमच्याकडे होती का हो व्हॅन?