तुटलेल्या बोटाचा हिशेब

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या नावे एक निवेदन सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली साप्ताहिक सुट्टीची मागणी महाराष्ट्राच्या लक्षात राहिली. तिच्याच शेजारी असलेली दुसरी मागणी फारशी कोणी आठवत नाही: कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. लोखंड्यांनी जखमी माणसाच्या पोटाचा प्रश्न विचारला होता. कायद्याने पुढे उत्तर दिलं ते अवयवांच्या भावाचं. हे अंतर अजून पुरतं भरून निघालेलं नाही, असं माझं मत आहे; आणि ते सगळ्यांत ठळक दिसतं लोखंड-पत्र्याच्या कामात, कारण तिथे हातच यंत्राच्या तोंडाशी असतो.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कमाईची ताकद अंगठा गेला तर 25 टक्के, तर्जनी गेली तर 10 टक्के आणि बाकीचं कोणतंही बोट गेलं तर 5 टक्के घटते, असं त्यात लिहिलेलं होतं. उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त भाव होता. पुढे हा तक्ता बदलला: अंगठा 30, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, हाड शाबूत राहून तर्जनीचं नुसतं टोक उडालं तर 5. या तक्त्याची बाजू घेणारे सांगतात, की त्याच्याआधी कामगाराला मालकाचा हलगर्जीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. ठरलेल्या आकड्यामुळे निदान पैसे तरी हाती पडू लागले. हे खरं आहे, आणि ती मोठी कमाई होती. पण तक्ता बोट पाहतो, धंदा पाहत नाही. कानस चालवणाऱ्या फिटरची तर्जनी आणि नुसती माल मोजणाऱ्याची तर्जनी त्याच्या लेखी सारखीच. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपरापासून काढावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या अखेरीस सांगितलं, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण 100 टक्के धरायचं. न्यायालयाने तिथे तक्ता बाजूला ठेवून माणसाचा धंदा पाहिला. लोखंड्यांची मागणी नेमकी हीच होती. मात्र प्रत्येक फिटर काही दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जुना आणि कारखान्यात रोज ऐकू येणारा: कामगारच निष्काळजी असतो, यंत्रावरचा संरक्षक गार्ड तोच काढून ठेवतो. खुद्द 1923 च्या कायद्यात, मुद्दाम गार्ड काढणाऱ्याची भरपाई नाकारायची तरतूद होती. पण पत्र्याला आकार देणारी प्रेस कशी चालते ते नीट पाहावं. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायडल दाबायचं, तयार जॉब उचलायचा आणि पुन्हा तेच, शिफ्टभर. जुन्या पद्धतीच्या क्लचची पॉवर प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा केल्याशिवाय थांबत नाही. मध्येच हात अडकला तरी ती खाली येतेच. क्लच झिजला असेल तर पायडल न दाबताही दुसरा ठोका बसतो. अशा यंत्रापुढे काळजी घेणारा माणूससुद्धा हजारो वेळा बिनचूक राहायला बांधलेला असतो, आणि असं कोणीच राहू शकत नाही. शिवाय मजुरी नगावर किंवा टार्गेट डोक्यावर असेल तर गार्डमुळे वाया जाणारा प्रत्येक सेकंद त्याच्या खिशातून जातो. गार्ड काढणारा हात त्याचा असला तरी तो काढायला लावणारा हिशेब दुसऱ्याने मांडलेला असतो. उपाय अवघडही नाहीत: दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस, हात आत असताना ठोका पडू न देणारा प्रकाशाचा पडदा, आणि तुकडा धरायला चिमटा. (तो पडदा जुन्या क्लचवर मात्र निरुपयोगी, कारण तिथे सुटलेली प्रेस थांबवायची सोयच नसते.)

धोक्याच्या यंत्राभोवती कुंपण हवं, हे तर 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातच होतं. पण तो फक्त 100 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होता. 1891 मध्ये ही मर्यादा 50 वर आली, 1922 मध्ये 20 वर आणि 1948 मध्ये, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी, 10 वर. कायदा असा खाली उतरत असताना काम त्याच्याही खाली सरकत राहिलं. पिंपरी-चिंचवडमध्ये मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग भोसरीसारख्या भागातल्या लहान शेडमध्ये, बरेचदा ठेकेदाराच्या माणसांकडून बनू लागले. छोटा मालक म्हणतो, नवी प्रेस परवडत नाही. त्याचं म्हणणं खोटं नसेल. पण त्याच्या जॉबचा भाव तो एकटा ठरवत नाही, गाडी विकणारी कंपनी ठरवते. मालाचा दर्जा तपासायला तिचा माणूस शेडमध्ये येतोच. त्याने त्याच फेरीत क्लच, बटणं आणि गार्डही तपासावेत आणि त्यांचा खर्च भावात धरावा.