ताशी ३०० किमी वेगाच्या रेसिंग कारचा फोटो कसा काढतात? वेग फोटोत दिसतो कसा?

रेसट्रॅकवर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्या अनेकांचा अनुभव सारखाच असतो. गाडी फोटोत अगदी स्पष्ट येते, तिच्यावरचा नंबर आणि स्टिकरही वाचता येतात, पण ती पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. मासिकांत आणि इन्स्टाग्रामवर दिसणारे फोटो मात्र वेगळे असतात. त्यात गाडी स्पष्ट, चाकं गरगर फिरणारी आणि मागचं प्रेक्षागृह रंगीत रेघांसारखं पसरलेलं असतं.

हा फरक महागड्या कॅमेऱ्यामुळे पडतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो शटर स्पीड आणि फोटो काढणाऱ्याच्या हालचालीमुळे पडतो. या पद्धतीला ‘पॅनिंग’ म्हणतात.

गाडी उभी असल्यासारखी का दिसते?

कॅमेऱ्याचं शटर जितका वेळ उघडं राहतं, तेवढ्या वेळातली हालचाल फोटोत उमटते. ताशी १८० किमी वेगाने जाणारी कार एका सेकंदात ५० मीटर अंतर कापते. म्हणजे १/१००० सेकंदात ती फक्त ५ सेंटीमीटर पुढे सरकते, १/१२५ सेकंदात ४० सेंटीमीटर, तर १/६० सेकंदात ८० सेंटीमीटरहून थोडी जास्त.

आता चाकाचा हिशोब पाहू. फॉर्म्युला वनच्या टायरचा व्यास साधारण ७२ सेंटीमीटर असतो. ताशी १८० किमी वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे २२ वेळा फिरतं. १/१००० सेकंदात ते जेमतेम ८ अंश फिरतं, त्यामुळे फोटोत जवळपास थांबलेलं दिसतं. १/१२५ ला ते ६० अंशांहून जास्त, तर १/६० ला एक तृतीयांश फेरीहून जास्त फिरतं आणि फोटोत त्याचं फिरणं दिसू लागतं.

वेगवान शटरने गाडी, चाक आणि मागचं दृश्य असं सगळंच थांबतं. फोटो पाहणाऱ्याला वेगाची एकही खूण मिळत नाही.

पॅनिंग म्हणजे नेमकं काय?

शटर मंद ठेवायचं आणि कॅमेरा गाडीच्या वेगाने तिच्याबरोबर फिरवायचा, हे पॅनिंग. कॅमेरा आणि गाडी बरोबरीने सरकत असतील तर सेन्सरवर गाडीची प्रतिमा एकाच जागी राहते आणि ती स्पष्ट येते. मागचं दृश्य मात्र उलट दिशेने सरकतं आणि त्याच्या रेघा होतात.

शटर किती ठेवायचं हे गाडीचा वेग, अंतर आणि सराव यांवर ठरतं. सुरुवातीला हे आकडे उपयोगी पडतात:

- १/५०० : गाडी सहज स्पष्ट येते, चाकं थोडी फिरलेली दिसतात. नवख्यांनी इथून सुरुवात करावी.
- १/२५० : मागचं दृश्य पुसट होऊ लागतं, चुकायची शक्यताही वाढते.
- १/१२५ : वेग ठळक दिसतो.
- १/६० किंवा त्याहून मंद : परिणाम जबरदस्त, पण बहुतेक फोटो वाया जातात. सरावलेले फोटोग्राफरही इथे भरपूर फोटो टाकून देतात.

गाडी थेट कॅमेऱ्याकडे येत असेल तर पॅनिंगचा उपयोग नसतो, कारण मागचं दृश्य बाजूला सरकतच नाही. तिथे १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर आणि सतत फोकस बदलत राहणारा ऑटोफोकस मोड लागतो.

हात नाही, कंबर फिरवायची

पॅनिंगमध्ये सर्वांत जास्त चुका हालचालीत होतात. गाडी जिथे टिपायची त्या जागेकडे पाय रोखून उभं राहायचं. मग कमरेतून वळून गाडी येते त्या बाजूला कॅमेरा धरायचा. कोपरं अंगाला चिकटलेली हवीत. गाडी दिसली की तिच्या एखाद्या ठरलेल्या भागावर, उदाहरणार्थ हेल्मेटवर किंवा नंबरवर, फोकसचा बिंदू धरून तिच्याबरोबर वळत राहायचं आणि समोर येताच बटण दाबायचं.

बटण दाबल्यावर थांबायचं नाही. फलंदाजाची बॅट चेंडू लागल्यानंतरही पुढे जाते, तसा कॅमेरा फोटो निघाल्यावरही फिरत राहायला हवा. बटण दाबताना हात थबकला की नेमका तोच फोटो हलतो.

लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर त्याचा पॅनिंगसाठीचा मोड निवडावा. त्यात फक्त वर-खाली होणारी थरथर रोखली जाते. साध्या मोडमध्ये काही लेन्स आडव्या हालचालीलाही विरोध करतात.

कधी गाडीचं नाक स्पष्ट येतं आणि मागचा भाग हललेला. ही दरवेळी चूक नसते. गाडी जवळून जाताना कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिचा कोन झपाट्याने बदलतो, त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक एकाच गतीने सरकत नाही. लांबून मोठ्या लेन्सने फोटो काढला की हा फरक कमी होतो.

भर उन्हात मंद शटर कसं वापरायचं?

आयएसओ १०० ठेवून कडक उन्हात १/६० वापरायचं तर अॅपर्चर एफ/२० च्या आसपास न्यावं लागतं. इतक्या लहान छिद्रामुळे फोटोचा तजेला कमी होतो आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. म्हणून फोटोग्राफर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, किंवा पोलरायझर लावतात. पोलरायझरने गाडीच्या काचेवरची चमकही कमी होते.

जागा आणि जाळी

भारतात ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे हे प्रमुख रेसट्रॅक आहेत. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. अशा ठिकाणी साध्या तिकिटावर गेलेल्या प्रेक्षकासमोर तारेची जाळी असते.

परवानगी असेल तितकं जाळीच्या जवळ जाऊन, मोठी लेन्स आणि मोठं अॅपर्चर वापरलं तर जाळी इतकी पुसट होते की फोटोत जवळपास दिसत नाही. मंद शटरसाठी अॅपर्चर लहान करावं लागत असेल, तर जाळीच्या वरून ट्रॅक दिसेल अशी प्रेक्षागृहातली उंच जागा जास्त बरी. हळू वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागी गाड्यांचा वेग कमी असतो, त्यामुळे सरावाला तीच जागा सोयीची.

धोका किती खरा आहे?

जाळीच्या आत उभं राहायला आयोजकांची मान्यता आणि ठरलेलं जॅकेट लागतं. हे कागदी सोपस्कार नाहीत. २०१३ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये मार्क वेबरच्या गाडीचं नीट न बसलेलं चाक पिट लेनमध्ये निखळलं आणि एका टीव्ही कॅमेरामनला जाऊन लागलं. त्याचं कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या. त्यानंतर पिट लेनमध्ये माध्यमांच्या वावरावर निर्बंध आले आणि शर्यतीतली तिथली वेगमर्यादा बहुतेक सर्किटवर ताशी ८० किमीपर्यंत खाली आणली गेली.

म्हणून ट्रॅककडे पाठ करून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो तपासायचे नाहीत, हा पहिला नियम. एक डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये असताना आजूबाजूचं फारसं दिसत नाही. त्यामुळे आधीच मागे हटायची वाट पाहून ठेवायची आणि मार्शलने सांगितलं की वाद न घालता जागा सोडायची.

‘फसलेला’ फोटो प्रसिद्ध झाला तेव्हा

जाक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने १९१२ च्या सुमारास एका ग्रां प्री शर्यतीत कॅमेरा फिरवत गाडीचा फोटो काढला. त्यात चाकं लंबगोल होऊन पुढे झुकलेली आहेत आणि प्रेक्षक मागे कललेले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यात प्रकाश एका सरकत्या फटीतून काचेवर पडत असे. म्हणजे फोटोचा प्रत्येक भाग वेगळ्या क्षणी टिपला गेला. कॅमेरा गाडीपेक्षा थोडा हळू फिरल्यामुळे गाडी एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला तिरके झाले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन झालं आणि त्याचं नाव जगभर पोहोचलं.

आजच्या मोबाइलमध्येही हाच प्रकार घडतो. बहुतेक फोनचा सेन्सर प्रतिमा एका क्षणात न टिपता ओळीओळीने वाचतो. त्यामुळे वेगवान गाडी तिरकी झालेली दिसते.

खरं पॅनिंग कसं ओळखायचं?

आता मागची पार्श्वभूमी सॉफ्टवेअरनेही पुसट करता येते. गुगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनमध्ये ‘अॅक्शन पॅन’ नावाची तशी सोय दिली. हौसेच्या फोटोत याने बिघडत नाही, पण बातमीच्या फोटोत असा परिणाम नंतर जोडणं गैर मानलं जातं.

समोर आलेल्या फोटोत आधी चाकं पाहावीत. पार्श्वभूमीच्या लांब रेघा असूनही चाकांचे आरे मोजता येत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी खूण गाडीच्या कडेची. तिथे पुसटपणा अचानक तुटत असेल किंवा अँटेनासारखे बारीक भाग अर्धवट गायब असतील, तर काम सॉफ्टवेअरचं असू शकतं. तिसरी खूण काचेची. गाडीच्या खिडकीतून आरपार दिसणारं मागचं दृश्यही खऱ्या पॅनिंगमध्ये रेघांसारखंच पसरलेलं असतं.

सरावासाठी रेसट्रॅकच हवा असं नाही. फुटपाथवर सुरक्षित जागी उभं राहून जाणाऱ्या सायकली आणि बस १/३० ते १/६० शटरने टिपल्या, तरी कमरेला ही हालचाल कळते. फोनच्या प्रो मोडमध्येही शटर हाताने ठरवता येतं.