बार्शीची नोंदवही

करमाळा तालुक्यातल्या माणसाला रेल्वे धरायची तर जेऊर गाठावे लागते. कॅन्सरचा संशय आला की इथून मुंबईची गाडी पकडायची आणि परळचे टाटा हॉस्पिटल शोधायचे, हे एका पिढीने पाहिले आहे. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. पण तिकीट, परळला राहण्याची सोय, सोबतच्या माणसाचा बुडणारा रोजगार, हे जमेपर्यंत दुखणे हाताबाहेर जायचे.

कॅन्सरच्या संशोधनातला एक मोठा अध्याय मात्र याच रुळांवर उलट दिशेला, कुर्डुवाडीवरून पुढे बार्शीत लिहिला गेला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. करमाळा नव्हता.

शहरात नोंदणीचे काम इस्पितळांच्या कागदांवर भागते. इथे आजारी माणूस इस्पितळात पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. बायकांना एकत्र बसवून त्यांनी विचारले ते बायकांच्याच भाषेत: अंगावरून पांढरे जाते का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले का? जिला असे काही होत होते तिला तपासणीला आणले. नाव, गाव, वय, कोणत्या अवयवाचा कॅन्सर, कोणत्या टप्प्यावर सापडला, माणूस पुढे जगला की गेला, असे सारे वहीत चढत गेले. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त निघाला. आणि नुसत्या या बोलण्याने एक फरक पडला: काही वर्षांतच हा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढले. कस्तुरी जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले.

या पायावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत या कॅन्सरला कारणीभूत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, काहींत अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी. उरलेल्या गटांना फक्त नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. या शेवटच्या गटांवरून पुढे टीका झाली आणि ती गंभीरपणे ऐकण्यासारखीच आहे. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या गटांत ६४ मृत्यू, एचपीव्हीच्या गटांत ३४.

हा विषाणू पेशीत नेमके काय करतो? जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते की, कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवट जाळून तिचे लॅक्टिक आम्ल करते. एचपीव्हीचे ई-७ हे प्रथिन साखर जाळण्याच्या साखळीतल्या एका विकराला (एन्झाइमला) थेट चिकटते. ई-६ हे प्रथिन पी-५३ या पेशीच्या राखणदार प्रथिनाचा नाश करते. पी-५३ गेला की मायक्रो आरएनए-३४ए कमी पडतो. मायक्रो आरएनए म्हणजे प्रथिन न बनवता जनुकांवर लगाम ठेवणारे इवलेसे रेणू. असा पहिला रेणू व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये उलगडला आणि त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले. लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या विकरावरही ३४ए चा लगाम असल्याचे काही कॅन्सरांत दिसले आहे.

ड जीवनसत्त्वही साखर आणि मायक्रो आरएनएच्या याच जाळ्यात काम करते. त्याचे सक्रिय रूप पेशीतल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जोडले की साखरेची भूक वाढवणाऱ्या मिक जनुकाला ते आवरते, आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत काही मायक्रो आरएनए वाढवते. प्रयोगशाळेतले हे चित्र आशादायक आहे, पण माणसांतला पुरावा अजून तसा नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवरच्या चाचणीत रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व घेऊनही नवे कॅन्सर कमी झाले नाहीत, असे २०१९ मध्ये छापून आले. महाराष्ट्रात भर उन्हातही कमतरता आहेच. पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या अभ्यासांत मुलींमध्ये ती ठळक आढळली. ती हाडांसाठी भरून काढायलाच हवी, पण गोळीच्या भरवशावर गर्भाशयमुखाची तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली: ३० व्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी. या तपासणीची ताकद जगाला ज्या चाचण्यांनी पटवली, त्यांत धाराशिवच्या गावांतली चाचणी महत्त्वाची होती. तीच तपासणी आता सोलापूर आणि धाराशिवच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, चाळिशीतल्या शेतमजूर बाईला एका खेपेत आणि फुकट मिळायला हवी.