दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : अंतर अधिक, तरीही वेळ कमी

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या विमानतळांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने ही रेषा सैबेरिया आणि आर्क्टिक प्रदेशावरून जाते. सपाट नकाशावर ती वक्र दिसते. प्रत्यक्षात मात्र विमाने दररोज याच रेषेने जात नाहीत.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन शहरांदरम्यान थेट सेवा सुरू केली. प्रारंभी विमाने अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटरचा प्रवास करीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने प्रशांत महासागरावरील मार्ग निवडला. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरने अधिक होते. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले.

याचे कारण वाऱ्यात आहे. साधारणतः ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला त्यांचे साह्य मिळते, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याला विरोध होतो. २०१६ च्या त्या उड्डाणाचा सरासरी वेग ताशी एक हजार किलोमीटरहून अधिक होता. हिवाळ्यात हे प्रवाह अधिक प्रबळ असल्याने प्रवासाचा वेळ ऋतूनुसारही बदलतो.

मार्ग ठरविताना सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठराविक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ आवश्यक असतो. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून निघालेले विमान इंजिनातील दोषामुळे रशियातील मगदान येथे सुखरूप उतरविण्यात आले. त्यातील २१६ प्रवासी ८ जून रोजी पर्यायी विमानाने पुढे रवाना झाले. हवाई हद्द बंद झाल्यासही वळसा पडतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना मनाई केल्यानंतर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हे प्रवाशांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या हिवाळ्यात साडेतेरा, तर उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान १६ तासांनी उतरले, तर तेथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. परतीच्या प्रवासात मात्र तारीख पुढे सरकते. सोमवारी सकाळी ९ वाजता निघालेला प्रवासी तितक्याच वेळात दिल्लीला मंगळवारी दुपारी दीड वाजता पोहोचतो. जोडविमानाचे आरक्षण करताना किंवा औषधांच्या वेळा ठरविताना घड्याळातील फरकाऐवजी प्रवासाचे प्रत्यक्ष तास मोजणे हितावह ठरते.