शिताके
शिताके : चीन व जपानमध्ये शतकानुशतके खाल्ले जाणारे एक भूछत्र. शी वृक्षाच्या मृत लाकडावर वाढते म्हणून जपानीत हे नाव पडले (ताके म्हणजे भूछत्र). चीनमध्ये याची लागवड सुंग राजवटीत (960–1279) सुरू झाली. ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खाचा पाडावयाच्या व वाऱ्याबरोबर बीजुके येण्याची वाट पाहावयाची, अशी ती रीत होती. पीक सर्वस्वी दैवाधीन असे. कवकजाल वाढविलेल्या लाकडी पाचरी ओंडक्यांत ठोकण्याची किसाकू मोरी यांची पद्धत 1940 नंतरच्या दशकात जपानमध्ये आली व ही अनिश्चितता संपली.

याची औषधी कीर्ती जुनी, पुरावा मात्र अलीकडचा. 1969 मध्ये गोरो चिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकिओ येथे यातून लेंटिनान हे पॉलिसॅकॅराइड अलग केले. त्याने उंदरांतील अर्बुदांची वाढ रोखली. 1985 मध्ये जपानने जठराच्या कर्करोगावर रासायनिक औषधांच्या जोडीने त्याच्या वापरास मान्यता दिली. तथापि ते अंतःक्षेपणाने देत, कारण आतड्यातून त्याचे शोषण फारसे होत नाही. भाजी खाऊन तोच गुण येतो, हा समज म्हणूनच निराधार होय. आहारातील याचे मोल वेगळे आहे. यातील एर्गोस्टेरॉलाचे उन्हात ड२ जीवनसत्त्व बनते, म्हणून या बाबतीत उन्हात वाळविलेले शिताके सरस. कच्चे वा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे पुरळ उठते.