फ्यूज बॉक्समधील रिले: ओळख आणि बसवण्याची रीत

ऐन रात्री घाटात मोटारीचे दोन्ही हेडलाइट एकदम मालवतात. फ्यूज काढून पाहावा, तर त्यातील पट्टी शाबूत असते. अशा वेळी फ्यूजशेजारी ओळीने बसलेल्या लहान चौकोनी डब्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे डबे म्हणजे रिले. फ्यूज तारांचे रक्षण करतो, तर रिले मोठ्या विद्युतप्रवाहाची ये-जा सांभाळतो.

साठ वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह खेचतात. एवढा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणातून सतत वाहू दिला, तर त्याचे संपर्कबिंदू जळतील. म्हणून बटणातून केवळ दीड-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह रिलेतील तारेच्या वेटोळ्याला दिला जातो. वेटोळ्याचे चुंबक होते, ते आतील पट्टी ओढते आणि बॅटरीचा मोठा प्रवाह थेट दिव्यांकडे जातो. पट्टी ओढली जाताना होणारा 'टक्' असा आवाज बोटांनाही जाणवतो.

रिलेच्या तळाशी असलेल्या पायांवरील आकडे ही त्याची खरी ओळख. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि आता बहुतेक देशांत रूढ आहेत. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. ३० वर बॅटरीचा प्रवाह येतो आणि ८७ मधून तो दिवा, हॉर्न किंवा पंख्याकडे जातो. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो; रिले बंद असताना ३० त्याला जोडलेला राहतो आणि चालू होताच सुटतो. काही लहान रिलेंवर मात्र १ ते ५ असे आकडे असतात. टपावर छापलेली आकृती वाचल्याखेरीज खरेदी करू नये, हे बरे.

कारण खरी फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या रिलेंमुळे. काही रिलेंत ३० आणि ८६ यांच्या जागा आपसांत बदललेल्या असतात; बाहेरून फरक कळत नाही, सॉकेटमध्येही तो बिनबोभाट बसतो. पाच पाय असलेल्या काही रिलेंत मधल्या पायावर ८७ए नसून दुसरा ८७ असतो. असा रिले चुकून लागला, तर जे उपकरण बंद राहायला हवे तेच चालू होते. ट्रकसाठीचा २४ व्होल्टचा रिले मोटारीत बहुधा ओढतच नाही, आणि १२ व्होल्टचा रिले ट्रकमध्ये लावल्यास वेटोळे तापून जळते. इंडिकेटरचा फ्लॅशर तर वेगळ्याच जातीचा. त्याच्या पायांवर ४९ आणि ४९ए हे आकडे दिसतात.

आकृतीत डायोडची खूण असेल, तर अधिकच जपावे. वेटोळ्याचा प्रवाह तुटताना उसळणारा उच्च दाब हा डायोड जिरवतो. त्याच्या जागी साधा रिले बसवला, तर इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला इजा होऊ शकते; ध्रुव उलटे झाले, तर डायोडच शॉर्ट होतो. काही रुपयांची बचत अशी फार महाग पडते.

दोष शोधण्याचा सोपा उपाय अदलाबदलीचा आहे. अनेक मोटारींत हॉर्न आणि एअर कंडिशनर यांचे रिले एकाच क्रमांकाचे असतात. क्रमांक हुबेहूब जुळत असेल, तरच ते आपसांत बदलून पाहावेत. मल्टिमीटर असल्यास ८५ व ८६ यांमधील रोध तपासावा. तो साधारण साठ ते सव्वाशे ओहम भरतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर वेटोळे तुटले आहे. मात्र 'टक्' आवाज आला म्हणजे रिले चांगला, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. संपर्कबिंदू काळवंडले असतील, तर आवाज येऊनही प्रवाह पुढे जात नाही. उलट ते चिकटून बसले, तर इग्निशन बंद करूनही उपकरण चालूच राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

बदलताना इग्निशन बंद करावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी. रिले सरळ वर, किंचित हलवत काढावा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. सॉकेट वितळलेले किंवा तपकिरी पडलेले दिसले, तर नवा रिले खुपसून भागणार नाही. तेथील सैल जोडच उष्णता निर्माण करत असतो आणि आगीचे मूळ तेथेच असते. पावसाळ्यात पायांवर हिरवट थर चढतो, तोही साफ करावा. नवा रिले पूर्ण खाली बसेपर्यंत सरळ दाबावा. फ्यूज मात्र मूळ क्षमतेचाच ठेवावा: लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअरचा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज लावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

जादा हॉर्न किंवा दिव्यांसाठी बाहेरून रिले जोडणाऱ्यांनी ३० कडे जाणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, स्वतंत्र फ्यूज घालावा. अलीकडच्या अनेक मोटारींत काही रिले मंडलपटावर सोल्डर केलेले असतात. ते घरी बदलता येत नाहीत. तेथे गॅरेजचाच रस्ता धरावा लागतो.